राग ओसरू देऊ नका

तुषार काळमेघचं लक्ष नेमकं कशाने लागतं हे शोधायला कंपनीला पंधरवडा लागला. उत्तर मिळालं तेव्हा ते कोणालाच आवडलं नाही, तुषारला तर अजिबातच नाही.

नागपुरातली ही कंपनी रोपवेच्या नियंत्रण-प्रणाली तयार करायची. तुषारचं काम त्यातलंही अरुंद: ब्रेकचा प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचायचा आणि त्यातली चूक शोधायची. मोहाघाटचा नवा रोपवे उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरू व्हायचा होता. तुषारने ‘वाचला, निर्दोष आहे’ असं लिहून दिल्याशिवाय तिथला पाळणा हलणार नव्हता. तुषार वाचत होता, पण पानभर वाचून झाल्यावर त्याच्या ध्यानात यायचं की आपण मघापासून घरच्या गळक्या नळाचा विचार करतोय.

पूर्वी अशा माणसाला आळशी म्हणत. आता तसं म्हणायला कायद्याने बंदी होती.

याला कारण एक चकती. कपाळाच्या कडेला, केसांखाली चिकटवायची, शर्टाच्या बटणाएवढी. डोळ्यांना न दिसणारा तांबडा प्रकाश ती कवटीत थोडा आत सोडते. रक्तात प्राणवायू किती आहे त्यानुसार तो कमी-जास्त परत येतो, आणि मेंदूचा पुढचा भाग किती कामात आहे हे त्यावरून कळतं. चकती स्वस्त झाली, हजारो माणसांच्या नोंदी जमल्या आणि एक गोष्ट समोर आली. लक्ष लागणं हे इच्छाशक्तीपेक्षा मेंदू किती सावध आहे यावर जास्त अवलंबून असतं. मेंदू फार निवांत असला की भटकतो, फार घाबरला की गोठतो. मधल्या एका अरुंद पट्ट्यात तो कामाला चिकटतो. त्या पट्ट्यात शिरायला प्रत्येकाला वेगळा भोवताल लागतो: दिवसाची ठरावीक वेळ, ठरावीक उष्मा, वास, आवाज. बहुतेकांच्या बाबतीत हा भोवताल, लहानपणी पहिल्यांदा जिथं नीट लक्ष लागलं, तिथला निघाला. शास्त्रज्ञांनी त्याला लक्षबिंदू म्हटलं. मग कायदा आला: मोठ्या कंपन्यांनी प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याचा भोवताल पुरवलाच पाहिजे.

कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा झाडं आणि पक्षी होते. प्रत्यक्षात तुषारच्या मजल्यावर हिशेब विभागाच्या एका बाईंना कुकरच्या शिट्ट्या लागायच्या. त्यांच्या खोलीत दिवसभर डाळ शिजायची आणि संध्याकाळी ती सगळे डब्यातून घरी न्यायचे. आराखडे काढणाऱ्या एका इंजिनिअरला एसटी स्टँडवरच्या घोषणा हव्या असत. कंपनीचे संचालक मोठ्या कुटुंबात, एकाच न्हाणीघराच्या घरात वाढलेले. बाहेरून कोणी दार बडवत असलं तरच त्यांचं डोकं चालायचं. त्यांच्या केबिनचं दार बडवायला एक माणूस नेमला होता. तो दर थोड्या वेळाने ओरडायचा, “आटपा लवकर!” आणि आतून करारांवर सह्या व्हायच्या.

ज्यांचा लक्षबिंदू सापडत नसे, त्यांना तक्रार निवारण विभागात पाठवत. तिथं लक्ष देण्याची अपेक्षा नव्हती.

“तुमच्यासाठी आपण शांतता बघितली, नदी बघितली, देवळाची घंटा बघितली,” भोवताल अधिकारी ऋता मुदलियार चाचणीच्या खोलीत तुषारला म्हणाली. ती तिशीची, नागपुरातच जन्मलेली, आणि कामाच्या बाबतीत कडक होती. “चहाच्या टपरीवर तर तुम्ही चक्क झोपलात.”

“टपरी छान होती.”

“तुषारसर, मोहाघाटचं काम अडलंय. या आठवड्यात नाही सापडलं तर मला तुमचं नाव तक्रारींमध्ये द्यावं लागेल.”

तुषारने तक्रारीतली माणसं कँटीनमध्ये पाहिली होती. ती सुखी दिसत आणि त्यांना कोणी काही विचारत नसे. त्याला ते नको होतं. त्याला ब्रेकचे प्रोग्रॅम वाचायला मनापासून आवडायचं. वाचताना मन तिथं नसायचं, एवढीच अडचण होती.

शेवटचा उपाय म्हणून ऋताने वाळ्याचे पडदे लावलेला जुना पत्र्याचा कूलर आणवला. तो घरघरू लागला, ओल्या वाळ्याचा वास पसरला आणि चकतीची नोंद दाखवणाऱ्या स्क्रीनवरची रेघ पहिल्यांदाच थोडी वर चढली. सकाळचे साडेदहा वाजले होते. तेवढ्यात तुषारचा फोन वाजला. अमरावतीहून मंदाताईंचा होता.

मंदाताई गावंडे म्हणजे तुषारची थोरली बहीण. वयाने अकरा वर्षांनी मोठी, शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली. दोघांचं बोलणं चार वर्षांपासून जवळजवळ बंद होतं. वर्षातून एकदा, आईच्या श्राद्धाआधी, तेवढा फोन यायचा.

“नमस्कार,” मंदाताई म्हणाल्या. “आईचं श्राद्ध आहे. तुम्हाले सवड असन तर या. नसन तर तसं कळवा, पान कमी वाढू.”

सख्ख्या धाकट्या भावाला ‘तुम्ही’. तुषारच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“ताई, मी—”

“मोठे माणसं तुम्ही. कामं असतात. ठेवतो.”

फोन बंद झाला. तुषार मान खाली घालून समोरची ओळ वाचू लागला. मग पुढची. मग त्याने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. “हे चुकलंय,” तो म्हणाला. “वारा उलटा असेल तर ब्रेक उशिरा लागेल.”

ऋता त्याच्याकडे बघत नव्हती. ती स्क्रीनकडे बघत होती. रेघ पट्ट्याच्या मधोमध, ताणलेल्या दोरीसारखी सरळ होती.

“या कोण होत्या?” तिने विचारलं.

लहानपणी दर उन्हाळ्याच्या सुट्टीत मंदाताई त्याला कूलरच्या खोलीत बसवून पुढच्या इयत्तेचं गणित करून घ्यायच्या. मागे उभ्या राहून त्या रागवायच्या आणि तो गणित करायचा. त्याच्या मेंदूला लक्ष देणं म्हणजे काय ते तिथं कळलं. हे सगळं त्याने सांगितलं आणि वर विनंती केली की हे इथंच विसरून जाऊ.

ऋताने आधी सोपा मार्ग करून पाहिला: मंदाताईंच्या आवाजात रागावणारं यंत्र. पहिल्या दिवशी रेघ चढली, दुसऱ्या दिवशी अर्ध्यावर आली, तिसऱ्या दिवशी तुषार यंत्राच्या तालावर पेन वाजवू लागला. याचं शास्त्रीय कारण साधं आहे. मेंदू सावध राहतो तो पुढे काय होणार हे माहीत नसतं म्हणून. खोट्या रागात धोका नसतो. यंत्र कितीही ओरडलं तरी ते उद्या तुमच्याशी बोलणं सोडणार नाही, हे मेंदूला पक्कं माहीत असतं. माणसाचं तसं नसतं.

तेव्हा ऋता स्वतः अमरावतीला गेली.

“म्हणजे त्याच्यावर ओरडाचे मले पैसे भेटतीन?” मंदाताईंनी तिला पुन्हा विचारलं.

“हो. भोवताल साहाय्यक म्हणून. राहणं भावाच्या घरी, सकाळी दहा ते एक. पण राग खरा पाहिजे, ताई.”

“बाई, रागाची काळजी तुम्ही नका करू. मी फुकटात ओरडली असती. त्यानं कधी ऐकाले वेळच नाही देल्ला.”

मग त्यांनी राग कशाचा आहे ते सांगितलं. चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचं, केतकीचं लग्न झालं. मुलीला अंतरपाटाशी आणायचा मान मामाचा. मुहूर्त जवळ आला, गुरुजी माईकवरून म्हणाले, ‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.’ मामा आले नाहीत. गुरुजी पुन्हा म्हणाले. मामा पार्किंगमध्ये, गाडीत, मांडीवर लॅपटॉप घेऊन कुठल्याशा तातडीच्या दुरुस्तीत होते. शेवटी केतकीला घेऊन मंडपवाला आला.

“मंडपवाला!” मंदाताई म्हणाल्या. “माया पोरीच्या लग्नाच्या फोटोत, मामाच्या जागी, मंडपवाला उभा आहे. हातात दोरीचं भेंडोळं आहे त्याच्या.”

ऋताने नोंद केली: राग मजबूत, टिकाऊ.

मंदाताई नागपुरात आल्या. पहिल्याच सकाळी, त्या कूलरजवळच्या खुर्चीवर बसत असतानाच, तुषारने तोंड उघडलं होतं. त्याला माफी मागायची होती. चार वर्षांपासून मागायची होती. पण ऋताने त्याला खुणेनं दाराबाहेर बोलावलं.

“तुम्ही आत्ता सॉरी म्हणणार होतात.”

“हो.”

“नका म्हणू. मोहाघाट होईपर्यंत थांबा. राग गेला तर रेघ गेली, रेघ गेली तर तुम्ही तक्रारीत. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, सर. चार वर्षं थांबलातच ना?”

तुषारने ते मान्य केलं. खरं सांगायचं तर त्याला जरा हायसंच वाटलं. ज्याला फार दिवसांपासून माफी मागायची असते, त्याला ती लांबवायला ऑफिशियल कारण मिळालं तर तो नाही म्हणत नाही.

काम सुरू झालं.

“वाच,” मंदाताई मागून म्हणायच्या. “डोळे फाडून वाच. तिथं लोकं लोंबकळणार आहेत तारेले. त्याह्यले काय सांगशीन, म्या पार्किंगमधी होतो?”

“नाही, ताई.”

“गुरुजी बोंबलून राह्यले, मामा या, मामा या! पाहुणे हसून राह्यले! नवरदेवाकडची एक बाई मले विचारते, मामा आहे ना हो? म्या काय सांगू, आहे म्हणू का होता म्हणू?”

“ताई, इथं बाविसाव्या ओळीत—”

“काय आहे बाविसाव्या ओळीत?”

“चूक आहे.”

“मंग काढ ना! का तेबी मंडपवाल्यानं काढाची?”

तुषारने आयुष्यात असं काम केलं नव्हतं. चुका जणू स्वतःहून हात वर करत होत्या. संचालकांनी केबिनच्या दाराआडून त्याचं अभिनंदन केलं. दुपारी एक वाजता मंदाताई चष्मा काढायच्या, हिशेबवाल्या बाईंकडून डाळीचा डबा घ्यायच्या आणि घरी जाऊन तुषारच्या बायकोला, अश्विनीला, फोडणीत काय चुकतं ते सांगायच्या. तुषारशी घरी बोलायच्या नाहीत. घरी बोलायचे पैसे नव्हते, असं अश्विनी म्हणायची.

महिना उलटला आणि रेघ खाली यायला लागली.

आधी थोडी, मग दिसेल इतकी. शब्द तेच होते, आवाजही चढा होता, पण तुषारला पुन्हा घरचा नळ आठवू लागला. ऋताने त्याला गाठलं.

“माफी मागितलीत?”

“नाही हो.”

“काही गोड बोललात? साडी वगैरे?”

“एका शब्दाने नाही.”

“मग राग जातोय कुठं?” ऋता म्हणाली. तिने मंदाताईंनाही बाजूला नेऊन काहीतरी विचारलं. काय ते तुषारला कळलं नाही.

राग कुठं जातोय ते मात्र कळलं एका सकाळी, घरी. ऑफिसला निघायला थोडा वेळ होता. मंदाताईंच्या खोलीचं दार उघडं होतं. त्या पलंगावर बसून मांडीवरच्या टॅबवर काहीतरी बघत होत्या, कानात इअरफोन. तुषार चहाचा कप ठेवायला आत गेला आणि त्याला पडद्यावर मंडप दिसला. केतकीचं लग्न. गुरुजी माईक हातात घेत होते.

मंदाताई हसत होत्या.

त्याला पाहून त्यांनी टॅब पालथा घातला. मग इअरफोन काढले आणि एक सुस्कारा टाकला.

“रोज पाहतो,” त्या म्हणाल्या. “चहा झाला का हेच लावतो. तुया त्या मॅडमनं पहिल्याच दिवशी सांगितलं मले. ताई, राग ओसरू देऊ नका, भावाची नोकरी आहे. मंग काय करू? राग आणाले पाहाच लागते. पहिले पहिले येत होता. आता त्या जागी आलं का मले तो मंडपवालाच दिसते. काय घाबरला होता बिचारा! केतकीले म्हणते, ताई, कोणत्या बाजूनं चालू? मले हसूच येते लेका.” त्यांनी डोळे पुसले. “इतकी ओरडतो तिथं, पण आतून काही नाही. तुले कळत असन ते.”

“राग गेला?”

“तो तर कवाचाच गेला. दुसऱ्या दिवाळीलेच गेला. तू आला नाही म्हणून मग तसाच ठेवला.”

तुषार पलंगाच्या कडेला बसला. “ताई, चुकलं माझं,” तो म्हणाला. “त्या दिवशी मी यायला पाहिजे होतं. काम तसं काही नव्हतंच. उद्या केलं असतं तरी चाललं असतं.”

मंदाताईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. चार वर्षांचा गुंता चार वाक्यांत सुटला होता. इथं तुषारने गप्प बसायला हवं होतं. पण त्याचं काम चूक दिसली की सांगून टाकायचं, आणि सवय सुटत नाही.

“मला पहिल्याच दिवशी म्हणायचं होतं,” तो म्हणाला. “पण ऋता मॅडम म्हणाल्या, आत्ता माफी मागू नका, प्रकल्प संपला की मागा. म्हणून मग मी थांबलो.”

डोक्यावरचा हात उचलला गेला.

“म्हणजे माफी तयार होती?”

“हो, म्हणजे—”

“तयार होती. अन तू ते ठेवून देल्ली. मी इथं बीपीच्या गोळ्या खाऊन खाऊन सकाळी सकाळी आपल्याच पोरीचं लग्न पाहून राग आणून राह्यली, अन तुया खिशात माफी होती?”

“ताई, तूसुद्धा राग धरूनच ठेवला होतास ना?”

“तो तुयासाठी धरला होता!” मंदाताई उभ्या राहिल्या. “तू माफी दाबून ठेवली ते कोणासाठी? सांग ना! तवा लॅपटॉप होता, आता रोपवे आहे. ताईचा नंबर काम संपल्यावर! चाल. उठ. बॅग घे.”

“कुठं?”

“ऑफिसात! काम अर्धं टाकून नोकरी गेली तर म्हणशीन ताईनं घालवली.”

त्या दिवसाची नोंद कंपनीत अजून जपून ठेवली आहे. रेघ पट्ट्याच्या मधोमध चढली आणि एक वाजेपर्यंत हलली नाही. भिंत पातळ होती. पलीकडच्या आराखडेवाल्या इंजिनिअरची रेघही एसटीच्या घोषणांशिवाय वर गेली. संचालकांचं दार बडवणारा माणूस बडवायचं थांबवून ऐकत उभा राहिला आणि आत संचालकांनाही ते कळलं नाही. मंदाताईंनी लग्नाचा उल्लेख एकदाही केला नाही. त्यांना आता जुनं काही लागत नव्हतं. तुषार खाली मान घालून वाचत होता आणि एकेक चूक निवडून काढत होता. त्याच आठवड्यात मोहाघाटचा प्रोग्रॅम संपला. त्याने ‘वाचला, निर्दोष आहे’ असं लिहून सही केली तेव्हा मंदाताई खुर्चीवर नव्हत्या. त्या बॅग घेऊन बसस्टँडवर गेल्या होत्या. जाताना अश्विनीला म्हणाल्या, “साहेबाले सांगा, येतो म्हणून.”

रोपवे वेळेवर सुरू झाला. ब्रेक लागले. तुषारला बढती मिळाली आणि त्यापाठोपाठ नवा प्रकल्प: आणखी लांब तारेचा, दोन डोंगरांमधला.

“सोमवारपासून सुरू करू,” ऋता म्हणाली. “मंदाताईंशी मी बोलते. हा नवा राग फार चांगला आहे, सर. माझ्या अंदाजाने दिवाळीपर्यंत सहज पुरेल. फक्त तुम्ही मध्ये काही करू नका. फोन नको, मेसेज नको.”

तुषार हो म्हणाला. तो पूर्वीही हो म्हणाला होता.

सोमवारी सकाळी ऋताचा फोन आला तेव्हा तो अमरावतीच्या वाटेवर, तिवस्याच्या पुढे होता.

“सर, कूलर लावलाय. कुठं आहात?”

“बसमध्ये. रजेवर.”

“आज? सकाळी? सर, दहा ते एक ही तुमची सगळ्यात चांगली वेळ आहे!”

“म्हणूनच,” तुषार म्हणाला आणि चकती काढून खिशात टाकली.

मंदाताईंनी दार उघडलं. त्याला पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेअकरा वाजत होते.

“आज सुटी आहे का तुम्हाले?”

“नाही. काम आहे. सुरू होऊन तासभर होत आला असेल.”

“अन?”

“ते राहू दे. ताई, मी तुझ्यासाठी थांबायला पाहिजे होतं, कामासाठी नाही. दोन्ही वेळा.”

मंदाताई दारातच उभ्या राहिल्या. मग त्या वळून आत गेल्या. दार उघडं ठेवून. तुषार मागोमाग गेला. स्वयंपाकघरात जमिनीवर कागद पसरला होता आणि त्यावर चिवळीचा ढीग. चिवळ ही उन्हाळ्यातली वऱ्हाडी भाजी. पानं मुगाच्या दाण्याएवढी आणि देठादेठात माती. ती निवडायला बसलेल्या माणसाने दुसरीकडे बघायचं नसतं.

“बस. निवड,” मंदाताई म्हणाल्या. “तू आला तर तुयाच हातची खाऊ.”

तो बसला. निवडता निवडता त्याने केतकीची चौकशी केली, आईच्या श्राद्धाला कोण कोण आलं ते विचारलं, खिडकीतून दिसणाऱ्या लिंबाला किती लिंबं लागली ते पाहिलं आणि आपल्या बढतीचं सांगितलं. मंदाताई भाकरी थापत उत्तरं देत होत्या. बोलता बोलता ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं, ते दोघांनीही दाखवलं नाही.

जेवायला बसल्यावर पहिल्याच घासाला भाजी कचकचली. दुसऱ्या घासाला तर खडाच आला. तुषारने घास तसाच धरून ताईकडे पाहिलं आणि वाट पाहिली. एरवी एवढ्यावर मंदाताई संध्याकाळपर्यंत ओरडत राहिल्या असत्या.

मंदाताईंनी शांतपणे खडा बोटाने काढून ताटाच्या कडेला ठेवला.

“छान झाली,” त्या म्हणाल्या. “घे आणखी.”

तुषारने ताट पुढे केलं. नव्या रोपवेचं आता काही खरं नव्हतं.